दासगाव ते महाड : पाच मैलांची वाट

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला मुंबई-ठाण्याकडून आपल्या समाजाच्या गाड्या भरभरून महाडला जातात. माणगाव मागे पडले की लोक पिशव्या आवरू लागतात, पोरांना उठवले जाते. "आले, महाड आले" असे कोणीतरी म्हणते. त्याच्या थोडेसे आधी खिडकीतून एक गाव निघून जाते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सावित्रीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर रस्ता व घरे. या गावाचे नाव दासगाव. चवदार तळे सर्वांना ठाऊक आहे, क्रांतिस्तंभ ठाऊक आहे. पण दासगावला उतरून चार पावले चाललेला माणूस आम्हाला क्वचितच भेटतो.

दासगावपासून महाड पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. मधे वहूर, केंबुर्ली, गांधारपाले ही गावे लागतात. पुढे गांधारी नदी ओलांडली की महाड शहर. हा तुकडा आज मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. महामार्गाचा क्रमांक पूर्वी १७ होता, आता ६६ आहे. चारशे-पाचशे किलोमीटरच्या महामार्गात आठ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. मोटारीने दहा-पंधरा मिनिटांत संपतो. तरीही आमच्या मते आपल्या चळवळीच्या इतिहासात एवढ्या आखूड रस्त्याला एवढे मोठे स्थान क्वचितच असेल. तो रस्ता बाबासाहेबांनी विचार करून निवडला होता. ती निवड कशी झाली हे घराघरांतून सांगितले गेले पाहिजे, म्हणून हा लेख.

बंदर आणि पेन्शनर

प्रथम दासगावची माहिती घेऊ. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. महाडपर्यंत खाडीचे पाणी येते, पण मोठ्या गलबतांना आणि आगबोटींना दासगावच्या पुढे जाणे अवघड. त्यामुळे महाड ही बाजारपेठ आणि दासगाव हे तिचे बंदर, अशी जोडी जमली. बंदरात माल उतरायचा आणि पाच मैलांच्या वाटेने किंवा लहान होड्यांतून महाडच्या पेठेत जायचा. घाटावरून उतरलेला माल उलट दिशेने यायचा. गाडीवान, हमाल, खलाशी, लाकूडफाटा व गवताचे भारे विकणारी माणसे यांच्या पायांखालची ही वाट होती. त्यांत आपली माणसे किती असतील, हे निराळे सांगायला नको.

पेशव्यांशी १७५६ साली झालेल्या तहात बाणकोटाबरोबर दासगावही इंग्रजांकडे गेले. म्हणजे पेशवाई बुडण्याच्या साठ-बासष्ट वर्षे आधीच या गावावर इंग्रजांचा अंमल सुरू झाला. त्याचा एक परिणाम असा झाला, की या टापूतील महार मंडळी कंपनी सरकारच्या पलटणीत लवकर भरती होऊ लागली. पलटणीत लिहिणे-वाचणे शिकवले जाई. सुभेदार, जमादार, हवालदार होऊन माणसे पेन्शन घेऊन गावी परतत. खिशात सरकारी पेन्शन आणि डोक्यात अक्षर असलेला माणूस गावच्या पाटलापुढे पूर्वीसारखा वाकत नाही. महाड-दापोली भागात आपली चळवळ लवकर का उभी राहिली, याचे एक मोठे कारण या पेन्शनरांच्या घरांत आहे.

गोपाळबाबा वलंगकर हे याच महाड तालुक्यातील रावढळ गावचे. पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. पुढे १८९५ साली सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा सवर्ण सभासदांत मोठी खळबळ उडाली. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून आम्हाला येथे एक गोष्ट नजरेस आणावीशी वाटते. लोकल बोर्डाचे काम काय असे? तालुक्यातील रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी आणि धर्मशाळा. म्हणजे ज्या समाजाच्या माणसाने रस्त्याच्या कडेला सरकून सावली आवरून चालायचे, त्याच समाजाचा माणूस रस्त्याचा खर्च मंजूर करायला टेबलाशी बसला. खळबळ उडणारच!

शाळेच्या दारापर्यंतचा रस्ता

याच दासगावात रामचंद्र बाबाजी मोरे यांचे बालपण गेले. जन्म १९०३ चा, महाडजवळच्या लाडवलीचा. दासगावच्या शाळेत हा मुलगा इतका हुशार निघाला, की स्कॉलरशिप मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत जायला निघाला. शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. मुलगा जेमतेम अकरा वर्षांचा. पण तो रडत घरी बसला नाही. त्याने तक्रार लिहिली, तिची वाच्यता झाली आणि शेवटी शाळेला त्याला घ्यावे लागले, तेही इतरांपासून वेगळे बसवून. दासगाव ते महाड हे अंतर पाच मैल, पण शाळेचा उंबरठा ओलांडायला एका पोराला कागद लिहावे लागले.

हाच मुलगा मोठा होऊन महाडच्या परिषदेचा एक प्रमुख संघटक झाला. बाबासाहेबांना महाडला आणावे म्हणून त्याने पाठपुरावा केला. पुढे कॉम्रेड मोरे म्हणून तो कामगार चळवळीत गाजला. आपल्यातील काही मंडळी पुढील मतभेदांमुळे त्यांचे नाव घ्यायला कचरतात. आम्हाला ते योग्य वाटत नाही. महाडचे ऋण मानायचे तर मोऱ्यांचेही मानले पाहिजे, आणि चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे या आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या सवर्ण सहकाऱ्यांचेही.

मार्च १९२७ ची हकीकत सर्वांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. कागदावर तळे खुले होते, तरी १९ व २० मार्चच्या परिषदेला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळचे चाळीस रुपये! वीस तारखेला बाबासाहेबांच्या मागे लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून मारहाण झाली.

ती मारहाण कोठे झाली याकडे मात्र लक्ष द्यावे. मंडपात जेवत असलेल्यांवर तर हल्ला झालाच, पण दोघे-चौघे मिळून आपापल्या गावी परतणाऱ्यांनाही वाटेत गाठून मारले. कित्येकांना मुसलमान घरांनी आसरा दिला म्हणून ते वाचले. पाण्यासाठी तळ्यावर गेलेल्या माणसाला शिक्षा दिली गेली ती रस्त्यात. रस्ता सरकारचा, बोर्डाचा, सर्वांचा असतो. पण एकटा माणूस त्यावरून जाऊ लागला की तो कोणाचा असतो, हे त्या दिवशी कळले.

धरमतर की दासगाव?

आता डिसेंबर. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ पासून सत्याग्रह परिषद जाहीर केली. महाडमधल्या विरोधकांनी तयारी केली होती. परिषदेला जागा मिळू नये असा प्रयत्न झाला, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. व्यापाऱ्यांनी धान्य विकायचे नाकारले, तेव्हा शिधा बाहेरून जमवावा लागला. मग प्रश्न उरला जाण्याचा.

त्या काळी मुंबईहून महाडला जायचे दोन मार्ग. एक मार्ग धरमतरचा. मुंबईहून बोटीने धरमतर बंदरात उतरायचे आणि पुढे वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव करीत मोटारीने महाड गाठायचे. हा मार्ग जवळचा आणि लवकर पोहोचवणारा. दुसरा दासगावचा. बोटीने समुद्रातून खाली बाणकोटपर्यंत यायचे, खाडीत शिरायचे आणि दासगावला उतरायचे. हा लांबचा आणि वेळखाऊ.

बाबासाहेबांनी लांबचा मार्ग घेतला. कारण त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला, तर धरमतरहून पुढे काय करायचे? पन्नास मैलांहून जास्त वाट शेकडो माणसांनी कशी चालायची? दासगावला उतरले तर मात्र महाड पाच मैल. मोटार मिळो न मिळो, पाच मैल माणूस चालू शकतो.

वाचकहो, या हिशेबापाशी आम्ही पुन्हा पुन्हा थांबतो. रस्ता सार्वजनिक, पण त्यावरची मोटार खासगी मालकाची. रस्त्यावर कायद्याने कोणी अडवले नाही, तरी मोटारवाला "जागा नाही" म्हणाला की प्रवास संपला. आज हाती एस. टी.चे तिकीट घेऊन हक्काने खिडकीशी बसणाऱ्या तरुण पिढीला हे चटकन उमगणार नाही. आपली एस. टी. सुरू झाली १ जून १९४८ ला, म्हणजे महाडनंतर वीस वर्षांनी. एवढे मोठे आंदोलन उभारताना बाबासाहेब इतक्या साध्या गोष्टीचा विचार करीत होते: कोणी मदत केली नाही तर आपली माणसे स्वतःच्या पायांवर पोहोचतील का? परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसाने गरिबाच्या पायांची ताकद मैलांत मोजली होती.

'पद्मावती' नावाच्या बोटीने २४ डिसेंबरला सकाळी बाबासाहेब दोनशेच्या आसपास प्रतिनिधींसह मुंबईहून निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट दासगावला लागली. बंदरावर हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. उतरताच पोलीस अधिकाऱ्याने कलेक्टरचे पत्र हाती दिले की ताबडतोब भेटावे. त्यामुळे बाबासाहेब आणि सहस्रबुद्धे पुढे निघून गेले. बाकीचे लोक मिरवणुकीने, घोषणा देत, पायी महाडला गेले. काही जण सांगतात की बाबासाहेब त्या दिवशी पाच मैल चालले. तसे झाले नाही, आणि तसे सांगण्याची गरजही नाही. ती मिरवणूक लोकांची होती. नऊ महिन्यांपूर्वी दोघे-चौघे असताना ज्यांना वाटेत गाठून मारले, तेच लोक आता रांगा करून भर दुपारी महाडच्या वाटेने चालत होते, आणि त्यांना अडवायला कोणी आले नाही.

त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या पाण्याबाबत मात्र विरोधकांनी कोर्टात दावा लावून १४ डिसेंबरलाच तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. सरकारशी नव्हे, सवर्णांच्या अन्यायाशी लढा आहे, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. तरीही लोक गप्प घरी गेले नाहीत. त्यांनी शहरातून मिरवणूक काढली आणि चवदार तळ्याला वळसा घातला. मनाई पाण्याला हात लावण्याची होती, तळ्याभोवतीच्या रस्त्यावरून चालण्याची नव्हती!

आमच्या माता-भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. सत्तावीस डिसेंबरला महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण पटवणारे ते जड कथिल-चांदीचे दागिने टाका, मुलामुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. त्या काळी बाई रस्त्याने चालली की लुगडे गुडघ्यापर्यंत पाहून लांबूनच जात ओळखली जाई. भाषण ऐकून अनेक जणींनी तेथेच नेसण्याची पद्धत बदलली. महाडला येतानाच्या वाटेवर त्या एका रीतीने नेसून आल्या आणि जाताना दुसऱ्या रीतीने गेल्या. आमच्या घरातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात लुगडे नेसण्याच्या या बदलाचा उल्लेख हमखास येई. तळ्याचा उल्लेख त्यांच्याकडून तितका ऐकला नाही.

डोंगरातील लेणी

या पाच मैलांच्या वाटेवर महाड यायच्या थोडे आधी गांधारपाले गाव लागते. रस्त्याला लागूनच डोंगर आणि डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. आजूबाजूचे लोक त्यांना 'पांडवलेणी' म्हणतात, जसे महाराष्ट्रात जागोजागी म्हणतात. पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही. अठ्ठावीस-तीस लहानमोठी लेणी आहेत. चैत्य आहे, विहार आहेत, भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील ही कामे. प्राचीन ग्रीक लेखकांनी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत 'पालेपटमाई' असे नाव दिले आहे. ते हेच पाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. खाडीतून माल यायचा, व्यापारी यायचे आणि त्यांच्या दानावर भिक्खुसंघाचा वर्षावास व्हायचा.

तेथे एक शिलालेख आहे. कानभोअ विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दान कशाचे? एक लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या बाजूंना पाण्याच्या पोढी म्हणजे टाकी, आणि लेण्याकडे जाणारी वाट. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुन्हा एकदा वाचले. पाणी आणि वाट! ज्या महाडच्या वेशीवर दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने पाणी आणि वाट दान करून ते दगडावर कोरून ठेवले, त्याच महाडात १९२७ साली पाण्यासाठी माणसांची डोकी फुटली. डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेबांनी महाडजवळची बौद्ध लेणी पाहिली होती. धम्मदीक्षा तेव्हा एकोणतीस वर्षे दूर होती.

तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन रूढी सिद्ध होत नाही, असे ठरवले. संविधान तयार झाले तेव्हा त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात एक कलम आले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही, अशा सार्वजनिक गोष्टी त्यात मोजल्या आहेत. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा. तलाव आणि रस्ते एकाच ओळीत आहेत. पोरांना नागरिकशास्त्र शिकवताना ही ओळ बोट ठेवून दाखवावी.

आजची वाट

आज दासगावला आगबोट येत नाही. रस्त्याने मोटारी वाढल्या तसा बंदराचा व्यापार बसला. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा २२ मार्च १९९३ रोजी सुरू झाला आणि जवळच वीर स्टेशन झाले. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले. ठिकठिकाणी ते दहा वर्षांहून अधिक काळ रखडले आणि चाकरमान्यांनी त्यापायी काय सोसले ते वेगळे लिहायला नको. दर गणपतीला कोकणात जाणारा प्रत्येक जण ते जाणतो.

दासगावने त्याहून मोठे दुःख सोसले आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत २५ तारखेला महाड तालुक्यात डोंगर खचले. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. रस्ता पाण्याखाली व चिखलाखाली गेल्यामुळे मदतही वेळेवर पोहोचली नाही. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि महाड शहर पुरात बुडाले. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी, हे चित्र खिडकीतून सुंदर दिसते. तेथे राहणाऱ्याला पावसाळ्यात रात्री झोप लागत नाही. दरडीखाली कोणाची घरे येतात? डोंगराच्या पायथ्याशी, स्वस्त जागेत, दाटीवाटीने राहणाऱ्यांची. त्यात सर्व जातींचे गरीब आले. स्मारकांच्या मागणीबरोबर अशा वस्त्यांच्या सुरक्षित पुनर्वसनाची मागणीही आपल्या संघटनांनी नेटाने लावून धरावी, असे आमचे मत आहे.

ज्या मंडळांना ही वाट पाहायची असेल त्यांच्यासाठी काही सूचना. मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांनी पॅसेंजरने वीरला उतरावे, तेथून दासगाव जवळ पडते. एस. टी.ने येणाऱ्यांनी दासगाव थांब्याचेच तिकीट काढावे. आधी खाली खाडीवर जाऊन यावे. मग चालायला लागावे. लहान मुले बरोबर असली तर थांबत थांबत तीन तास लागतात असे धरावे. महामार्गावर ट्रक-ट्रेलर वेगात असतात, म्हणून मुलांना कडेच्या बाजूला ठेवावे, एका रांगेत चालावे आणि अंधार पडण्याच्या आत शहरात पोहोचावे. म्हाताऱ्या माणसांनी वाहनाने थेट गांधारपाले येथे यावे आणि चालणाऱ्यांनी त्यांना तेथे गाठावे. लेण्यांकडे चढ आहे, तो उन्हाच्या आत चढलेला बरा. लेण्यांच्या भिंतींवर नावे लिहू नयेत. आपल्याच काही उत्साही तरुणांनी 'जयभीम' लिहिलेले ठिकठिकाणी पाहून आम्हाला वाईट वाटते. मार्च महिन्यात ऊन कडक असते, तेव्हा पहाटेच निघावे आणि प्रत्येकाने आपले पाणी बरोबर घ्यावे.